नाव काय तुमचं?

पेढ्यांचा पुडा कॅज्युअल्टीपर्यंत सहसा पोहोचत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयात रुग्णाला घरी सोडतात तो दिवस आठवून पाहा. नातेवाईक वॉर्डात पेढे वाटतात, सिस्टरच्या टेबलावर पुडा उघडून ठेवतात, ऑपरेशन केलेल्या सरांच्या पाया पडतात. फरशी पुसणाऱ्या मावशींना आणि ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना हाक मारून पेढा देतात. पण हाच रुग्ण ज्या रात्री बेशुद्ध अवस्थेत आला, त्या रात्री त्याच्या घशातलं रक्त ओढून काढून श्वास मोकळा करणारी निवासी डॉक्टर या वेळी तळमजल्यावर दुसऱ्याच कुणाशी झटत असते. वर पेढे वाटले जात आहेत याची तिला खबर नसते. तो माणूस जगला, हेसुद्धा कित्येकदा तिला कळलेलं नसतं.

गंभीर जखमीचा प्रवासच असा असतो. रस्त्यावरून रुग्णवाहिका, तिथून कॅज्युअल्टी, मग सीटी स्कॅन, ऑपरेशन थिएटर, आयसीयू आणि शेवटी वॉर्ड. दर टप्प्याला माणसं बदलतात, मध्येच पाळी बदलते, आणि रुग्ण बराच वेळ शुद्धीत नसतो. त्यामुळे आभार मानायचे ते ज्यांना त्याने शुद्धीत असताना पाहिलं त्यांचे मानले जातात. सर्वांत आधी जीव वाचवणारे हात या हिशेबात येतच नाहीत.

तरीही बरे होऊन घरी गेलेल्यांना त्या पहिल्या तासाबद्दल विचारलं, की काहीतरी आठवतंच. आठवतं ते फार लहान असतं. कुणीतरी हात धरून ठेवला होता. एक सिस्टर प्रत्येक वेळी सुई टोचण्याआधी सांगत होती. 'तुमच्या घरी फोन लावलाय, भाऊ निघालाय,' असं कुणी कानाशी येऊन बोललं होतं. शल्यविशारदाने फुटलेली प्लीहा किती सफाईने काढली, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नसतो. जिवावर बेतलेलं असताना शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो आणि मेंदू त्या क्षणांतले मोजकेच तपशील खोल कोरून ठेवतो. बाकीचं पुसट होतं किंवा नोंदलंच जात नाही. त्या मोजक्या तपशिलांत एखादं मायेचं वाक्य असेल तर ते जन्मभर राहतं, आणि वस्सकन ओरडलेलं वाक्य असेल तर तेही राहतं.

अपघात विभागात आडव्या पडलेल्या माणसाला काय दिसत असेल? मानेला कडक पट्टा असतो, त्यामुळे मान वळत नाही. वर छत, ट्यूबलाइट, सलाइनची बाटली, आणि मधूनच अंगावर झुकणारे मास्क लावलेले चेहरे. जाड कात्रीने शर्ट-पँट कापून काढतात. चौघं मिळून एका लयीत त्याला कुशीवर वळवतात, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरतात, पुन्हा उताणं करतात. बोलणी त्याच्या अंगावरून चाललेली असतात: 'बीपी किती?', 'क्रॉसमॅचला ब्लड गेलं का?', 'एमएलसी केली का?' शरीराची पाहणी जितकी झपाट्याने होते, तितका त्याला आपण वस्तू झाल्याचा भास होऊ लागतो. अशा वेळी एक चेहरा थेट त्याच्या डोळ्यांसमोर येतो आणि विचारतो, "नाव काय तुमचं? काय झालं?"

या प्रश्नाची थोरवी सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं. जखमीने आपलं नाव स्पष्ट सांगितलं, की डॉक्टरला काही सेकंदांत तीन गोष्टी कळतात. श्वासमार्ग मोकळा आहे, नाहीतर आवाज फुटला नसता. छातीत बोलण्यापुरती हवा खेळते आहे. आणि मेंदूला इतपत रक्त पोहोचतं आहे की प्रश्न समजला आणि उत्तर जुळवता आलं. उत्तर घोगरं आलं, तुटक आलं, असंबद्ध आलं किंवा आलंच नाही, तर कुठे आधी हात घालायचा हेही ठरतं. १९७४ साली ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या मेंदुशल्यविशारदांनी शुद्धी मोजण्याची पट्टी तयार केली, ती आज १५ गुणांच्या रूपात जगभर वापरतात. तिच्यातही नाव, ठिकाण आणि काळ यांची उत्तरं धड येतात की नाही याला गुण आहेत. म्हणजे आपुलकीने केलेली चौकशी आणि काटेकोर तपासणी इथे एकच कृती असते. डॉक्टरने रुग्णाच्या डोळ्यांत पाहून विचारलं काय किंवा कागदावरून मान न उचलता विचारलं काय, वैद्यकीय माहिती तीच मिळते. रुग्णाला मिळतं त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तपासणीची ही शिस्त जगभर पसरली, तिच्यामागे एका बापाचा संताप आहे. १९७६ सालच्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर हे अमेरिकी अस्थिशल्यविशारद पत्नी आणि चार मुलांसह स्वतःचं लहान विमान चालवत नेब्रास्का राज्यातल्या आपल्या घरी निघाले होते. विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, तीन मुलं गंभीर जखमी झाली. स्वतः जखमी असलेल्या स्टायनरनी मुलांना बाहेर काढलं, रस्त्यावर येऊन एक मोटार थांबवली आणि जवळच्या लहान रुग्णालयात नेलं. तिथे जे पाहिलं त्याने ते हादरले. जखमींना कोणत्या क्रमाने तपासायचं, मान कशी सांभाळायची, याची कुणालाच शिकवण नव्हती. आपण उघड्या शेतात रिकाम्या हातांनी मुलांची जी काळजी घेतली ती इथल्यापेक्षा बरी होती, असं त्यांचं मत झालं. त्यांनी सहकाऱ्यांना हाताशी धरलं आणि १९७८ साली त्याच राज्यातल्या ऑबर्न गावी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. आज 'एटीएलएस' या नावाने तो भारतासह अनेक देशांत शिकवला जातो. आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, आणि मग सगळं अंग उघडं करून पाहणं, असा त्याचा क्रम आहे.

या क्रमातली शेवटची पायरी मला नेहमी थबकायला लावते. अंग उघडं करायचं, कारण पाठीमागची, काखेतली, जांघेतली जखम नजरेतून सुटता कामा नये. आणि पाहून झालं की लगेच पांघरूण घालायचं, हेही त्याच पायरीत सांगितलेलं आहे. कारण शुद्ध वैद्यकीय आहे. पुष्कळ रक्त गेलेला माणूस झपाट्याने गार पडतो. गार शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे रक्तस्राव वाढतो. रक्त कमी पडल्याने पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि रक्तातलं आम्ल वाढतं. त्यामुळे गोठण आणखी बिघडते. गारठा, आम्ल आणि न गोठणारं रक्त, हे त्रिकूट जुळलं की रुग्ण हातातून जातो. दहा माणसांसमोर उघड्या पडलेल्या बाईच्या अंगावर चादर ओढणारी मावशी तिची लाज राखते आणि त्याच वेळी तिचं रक्त गोठायला मदत करते. त्या बाईला पुढे गोठण आठवणार नाही, चादर आठवेल.

नावाकडे परत वळू. ७ जुलै २००५ च्या सकाळी लंडनमध्ये तीन भुयारी गाड्या आणि एक बस यांत स्फोट झाले आणि ५२ निरपराध माणसं मारली गेली. किंग्ज क्रॉस आणि रसेल स्क्वेअर या स्थानकांच्या दरम्यान स्फोट झालेल्या गाडीत गिल हिक्स होत्या. जन्म ऑस्ट्रेलियातला, वय ३७, लंडनमध्ये बरीच वर्षं स्थायिक. दोन्ही पायांची गुडघ्याखाली चाळण झालेली. काळोखात, धुरात त्यांनी गळ्यातल्या स्कार्फने पाय आवळून रक्त थोपवलं. सुटका पथक पोहोचायला सुमारे तास लागला. सेंट थॉमस रुग्णालयात आणलं तेव्हा ओळख पटेल असं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं, म्हणून मनगटावरच्या पट्टीवर 'एक अनोळखी, बहुधा स्त्री' अशा अर्थाची नोंद झाली. चेहऱ्यावरून खात्रीने स्त्री म्हणता येऊ नये अशी ती अवस्था होती. दोन्ही पाय गेले, पण हिक्स जगल्या.

त्यांनी २००७ साली पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'वन अननोन', म्हणजे त्या पट्टीवरचेच शब्द. पुढे जगभर भाषणांतून त्या एकच गोष्ट सांगत राहिल्या. मी कोण, श्रीमंत की गरीब, कोणत्या धर्माची, कोणत्या रंगाची, हे ठाऊक नसताना अनोळखी माणसांनी माझ्यासाठी जीव टाकला, माणूस असणं एवढंच त्यांना पुरेसं होतं. ज्या स्फोटाचं मूळच माणसामाणसांतल्या द्वेषात होतं, त्याला त्यांना त्या पट्टीत उत्तर सापडलं. आपल्याला वाचवणाऱ्यांना त्या पुढे भेटल्या आणि शांततेच्या कामाला लागल्या. याच हल्ल्यात ऑल्डगेट स्थानकाजवळच्या गाडीत मार्टिन राइट यांचेही दोन्ही पाय गेले. ड्यूटीवर नसतानाही त्या डब्यात शिरून त्यांचं रक्त थांबवणाऱ्या पोलीस एलिझाबेथ केनवर्दी यांच्याशी मार्टिन यांची मैत्री जडली. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये मार्टिन बैठ्या व्हॉलीबॉलच्या ब्रिटिश संघातून खेळल्या.

आपल्याकडच्या केसपेपरवरही 'अनोळखी इसम, वय अंदाजे ३५' अशी नोंद रोज होते. मुंबईत ती होण्याचं मोठं कारण लोकल गाड्या. दाराशी लटकणारा माणूस पडतो, पाकीट आणि मोबाइल रुळांत कुठेतरी उडतात, आणि सायन, केईएम किंवा राजावाडीला पोहोचतं ते फक्त शरीर. उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. समीर झवेरी यांनी १९८९ साली वयाच्या सतराव्या वर्षी याच रुळांवर दोन्ही पाय गमावले. जखमीला वेळेत उचललं जाणं म्हणजे काय, हे त्यांना अंगानेच कळलेलं. पुढे रेल्वे अपघातग्रस्तांना मदत करणं हेच त्यांनी काम मानलं. स्थानकांवर रुग्णवाहिका असावी, तातडीच्या उपचारांचे कक्ष असावेत, यासाठी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली. आज काही स्थानकांत असा कक्ष दिसतो, त्यामागे या पाठपुराव्याचा वाटा आहे.

लंडननंतर वर्षभराने, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडपासून मिरा रोडपर्यंत रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं धावली. स्ट्रेचर नव्हतीच. लोकांनी घरातल्या चादरी आणल्या, जखमींना त्यांत घातलं, चार टोकं चौघांनी धरली आणि मिळेल त्या वाहनातून रुग्णालय गाठलं. रात्री रक्त द्यायला रांगा लागल्या. त्या चादरी कुणाच्या होत्या, हे बहुतेक जखमींना कधीच कळलं नाही. ज्यांच्या घरात दुसरी चादर असेलच असं नाही, त्यांनी ती दिली होती. या माणसांची दखल आपण फार थोडी घेतली, असं मला मनापासून वाटतं.

मदत करणारा नाव न सांगता निघून जातो, याला नम्रतेइतकंच दुसरंही कारण होतं: पोलीस, पंचनामा, साक्षी, कोर्टाच्या फेऱ्या. रुग्णालयंही हात झटकत. एका अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने 'ही पोलीस केस आहे' म्हणून दुसरीकडे, सुमारे २० किलोमीटरवर पाठवलं आणि तो वाटेत गेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खासगी, आणि कोणतीही कागदी औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. रस्त्यावरच्या मदतगाराला संरक्षण मिळायला मात्र २०१६ साल उजाडलं. नात्यातल्या तरुण मुलाला अपघातात गमावलेल्या पीयूष तिवारी यांच्या सेव्हलाइफ फाउंडेशनने त्यासाठी न्यायालयीन लढा दिला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आलं. आज जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही, उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक होती. हे कलम प्रत्येक धाब्यावर, प्रत्येक टोलनाक्यावर लावलेलं असायला हवं.

हक्काच्या या गोष्टीमुळे कृतज्ञतेची एक अवघड बाजूही समोर येते. सरकारी रुग्णालयातला गरीब रुग्ण कधीकधी इतक्या साध्या गोष्टीसाठी हात जोडतो, की पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं. खाट मिळाली, कुणी हाडतुड केली नाही, दुखतं म्हणाल्यावर इंजेक्शन दिलं. हे सगळं त्याचं हक्काचंच होतं. त्याच्या आभारांवरून व्यवस्था चांगली चालली आहे असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या टोकाला, त्याच दारात डॉक्टरांना मारहाण होते. अशा हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. कॅज्युअल्टीबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना आत काय चाललंय हे कुणीच सांगत नाही, तेव्हा भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही. दर थोड्या वेळाने बाहेर येऊन 'अजून रक्त चालू आहे, आम्ही प्रयत्न करतोय' एवढं सांगणारं माणूस नेमणं, हा मला रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही हिताचा खर्च वाटतो.

गर्दीच्या विभागात प्रेमाने वागायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न निवासी डॉक्टर विचारतात आणि तो खरा आहे. तिकडे एक भीतीही असते, की माया दाखवली तर तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येतील. कॅनडातल्या टोरोंटो शहरात डोनाल्ड रेडेलमायर आणि सहकाऱ्यांनी ही भीती तपासून पाहिली. तातडीच्या विभागात येणाऱ्या १३३ बेघर माणसांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारांबरोबर सोबतीला बसणारा, बोलणारा, ऐकून घेणारा प्रशिक्षित स्वयंसेवक. ज्यांना सोबत मिळाली त्यांच्या पुढच्या फेऱ्या सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. हा अभ्यास १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. धड ऐकून घेतलं गेलेल्या माणसाला तेच गाऱ्हाणं घेऊन परत यावं लागत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कूपर विद्यापीठ रुग्णालयातला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. जिवावरच्या दुखण्यातून वाचलेल्या कित्येकांना नंतर दचकून जाग येते, तीच दृश्यं दिसतात, रुग्णालयाच्या वासाने घाम फुटतो. उपचार करणारे मायेने वागले असं ज्या रुग्णांनी सांगितलं, त्यांच्यात महिनाभरानंतर ही लक्षणं कमी आढळली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. पण चादर आणि गोठण यांचा संबंध पाहिल्यावर मनावरही असं पांघरूण काम करत असेल, तर नवल वाटू नये.

आता उपचार करणाऱ्यांकडे पाहू. रुग्णाचं पुढे काय झालं हे न कळणं हा कॅज्युअल्टीतल्या कामाचा सर्वांत कोरडा भाग आहे. गेलेले रुग्ण तिथेच जातात, त्यामुळे ते लक्षात राहतात. जगलेले वरच्या मजल्यावर निघून जातात. वर्षानुवर्षं असं चाललं, की काम करणाऱ्याला आपल्या हातून माणसं मरतातच असं वाटू लागतं. यावर लंडनच्या हवाई रुग्णवाहिका सेवेने एक वाट काढली. १९८९ पासून ही सेवा डॉक्टर आणि पॅरामेडिकला थेट रस्त्यावर उतरवते. तिच्याकडे बरे झालेल्या रुग्णांशी संपर्क ठेवणारे खास परिचारक आहेत. रुग्णाची इच्छा असेल तर ते त्याला त्याच्या पथकाशी भेटवतात. कुठे पडला होतास, तेव्हा काय बोलत होतास, आम्ही काय केलं, हे त्याला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. शुद्ध हरपल्यामुळे आयुष्यातला जो तुकडा गहाळ झालेला असतो तो भरून निघतो, आणि पथकाला आपला माणूस चालत आलेला दिसतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि गाडीत डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य ठरलं. गाडी चालवणाऱ्याला तिथे पायलट म्हणतात. घाटात उलटलेल्या ट्रकमधून क्लीनरला ओढून काढताना टॉर्च धरणारा, आणि मग त्याच्या कण्याला धक्का बसू नये म्हणून खड्डे चुकवत गाडी हाकणारा हा माणूस रुग्णाच्या नातेवाइकांना बहुधा दिसतही नाही, कारण ते पोहोचेपर्यंत तो पुढच्या कॉलला निघालेला असतो. पंधरवड्यानंतर त्याला आपण आणलेल्या क्लीनरचं काय झालं हे कळवायची सोय करायला फार पैसे लागणार नाहीत.

तोवर बऱ्या झालेल्या माणसाला स्वतः एक गोष्ट करता येते. डिस्चार्ज कार्डावर आणि पहिल्या केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख आणि वेळ असते. तेवढी घालून महापालिका रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना चार ओळींचं पत्र लिहावं: अमुक रात्री मला आणलं होतं, मी आता कामावर जायला लागलो आहे, त्या वेळी कॅज्युअल्टीत ज्यांची ड्यूटी होती त्यांना हे कळवावं. नावं ठाऊक नसली तरी चालतं. ड्यूटीच्या वेळापत्रकावरून ती रुग्णालयाला काढता येतात. त्या पत्रात सिस्टर, मामा, मावशी आणि १०८ चा पायलट यांचा उल्लेख आवर्जून करावा.